केळीला पंचेचाळीस सोसत नाही, माणसाला चालतं

मे २०२४. जळगाव आणि रावेरचं लोकसभेचं मतदान १३ तारखेला उरकलं, धुळ्याचं २० तारखेला. कांदा, कापूस, आरक्षण, पाणी, सगळ्यावर भाषणं झाली. डोक्यावर तापणाऱ्या सूर्याबद्दल मात्र उमेदवारांनी ‘एवढ्या उन्हात आलात’ यापलीकडे अवाक्षर काढलं नाही. आणि मतदानाची शाई बोटावर असतानाच जळगाव जिल्ह्यात १४४ कलम लागलं. दंगल नव्हती, मोर्चा नव्हता. जमावबंदीचं कलम लागलं ते उन्हामुळे! त्याच दिवसांत अकोल्यातही तसाच आदेश निघाला. भर दुपारी कामगारांना उन्हात राबवू नका, सावली आणि प्यायचं पाणी ठेवा, क्लासच्या वेळा बदला, असा त्याचा रोख.

पुढे १ जुलै २०२४ ला जुनी फौजदारी प्रक्रिया संहिताच गेली आणि १४४ चं १६३ झालं. म्हणजे १४४ चा तो शेवटचा उन्हाळा. ज्या कलमानं देशभरच्या चळवळी अडवल्या, त्याची खानदेशातली अखेरची मोठी कामगिरी सूर्याविरुद्धची.

अंश मोजायचे कुणाचे?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात कुणालाही विचारा, तापमानाचे आकडे तोंडपाठ असतात. कारण हवामानावर आधारित फळपीक विमा. गेल्या काही वर्षांतले निकष असे: थंडीत सलग तीन दिवस पारा ८ अंशांवर किंवा त्याखाली राहिला तर भरपाई, मे महिन्यात सलग पाच दिवस ४५ अंश किंवा त्यावर गेला तर भरपाई. त्यासाठी महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. चार दिवस ४५ आणि पाचव्या दिवशी ४४.८ झालं की गावात ज्या शिव्या निघतात त्या इथे छापता येणार नाहीत. निकष बदलले की आंदोलन होतं, निवेदनं जातात, आमदार-खासदार मुंबई-दिल्लीला पत्रं लिहितात. हवामान बदलाचं राजकारण म्हणतात ते खानदेशात आहे; फक्त ते केळीच्या बागेत आहे.

त्याच बागेचा मालक आणि त्याचा सालदार रात्री ज्या घरात झोपतात, त्या घरासाठी असा एकही आकडा नाही. घराच्या आत किती अंशांवर गेलं म्हणजे बांधकाम चुकलं, हे कुठल्या दाखल्यावर लिहिलेलं नसतं. केळीला जे ४५ अंश पाच दिवस सोसत नाहीत, ते पत्र्याच्या खोलीतल्या माणसाला महिनाभर चालतात, असं आपण सगळ्यांनी मिळून गृहीत धरलंय.

आणि इथलं घर बांधणं सोपं नाही बरं का. तापीचं खोरं वर सातपुडा, खाली अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये दबलेलं, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-अडीचशे मीटर उंच. मे महिन्यात ४५. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि ‘राज्यात धुळे सर्वात थंड’ अशी बातमी लागते. एकाच भिंतीनं चाळीस अंशांचा फरक झेलायचा.

प्लॅटिनम म्हणजे एक फ्लॅट

डिसेंबर २०२० मध्ये राज्यानं मुंबई आणि काही खास भाग वगळून सगळ्या शहरांना एकच बांधकाम नियमावली लावली. बिल्डर मंडळी तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. जळगाव असो, धुळे असो की पुणे, पुस्तक एकच. त्यात हरित इमारतीला बक्षीस आहे, पण ते रोख नाही, एफएसआयमध्ये, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीत. ‘गृह’ मानांकनाचे तीन तारे किंवा आयजीबीसी या हरित इमारत परिषदेचं सिल्व्हर मिळवलं की ३ टक्के जादा, चार तारे किंवा गोल्डला ५, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७.

हिशेब करून पाहू. महापालिका हद्दीत गावठाणाबाहेर १,००० चौरस मीटरचा प्लॉट. पायाभूत एफएसआय १.१, म्हणजे १,१०० चौरस मीटर बांधकाम. त्याचे ७ टक्के म्हणजे ७७ चौरस मीटर. सव्वाआठशे चौरस फूट. थोडक्यात, पाणी वाचवा, वीज वाचवा, सल्लागार नेमा, फायली भरा, प्लॅटिनम मिळवा आणि बक्षीस म्हणून एक टू बीएचके घ्या. कबूल केलेलं मानांकन शेवटी मिळालं नाही तर त्या जादा एफएसआयवर रेडी रेकनरमधल्या जमीनदराच्या दुप्पट दंड. प्रीमियम भरून जास्तीचा एफएसआय मिळतो तो रस्ता याच पुस्तकात, काही पानांच्या अंतरावर. कुठला रस्ता रुंद वाटेल, हे बिल्डरला विचारायची गरज नाही.

यातली गंमत अशी की उन्हावरचा उतारा म्हणून सरकार देतं काय, तर आणखी बांधकाम.

हरित इमारतीची पाटी देशात लागायला सुरुवात झाली ती हैदराबादेत. तिथल्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज केंद्राला २००३ मध्ये अमेरिकेच्या ‘लीड’चं प्लॅटिनम मिळालं; ते मिळवणारी अमेरिकेबाहेरची ती पहिली इमारत. जळगावला फार वाट पाहावी लागली नाही. जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ २५ मार्च २०१२ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुलं झालं, आणि त्या वास्तूला हरित इमारतीचं मानांकनही आहे. राष्ट्रपती याच जिल्ह्यातल्या, टेकडी फुलवणारे भवरलालजी जैनही इथल्याच वाकोदचे. शहरात जिकडेतिकडे काचेचं एलिव्हेशन आणि एसीपी शीट चढत असताना टेकडीवर दगडाच्या भिंतींनी उन्हाशी चांगला तह केला.

फैजपूर, १९३६: मानांकन नाही, मात्र बांबू आहे

‘लीड’मध्ये स्थानिक साहित्याला गुण मिळायचे. स्थानिक म्हणजे किती दूरचं? ५०० मैल, म्हणजे ८०० किलोमीटर! त्या मापानं जळगावच्या इमारतीला दिल्लीजवळची वीटही गाववाली ठरते.

आता डिसेंबर १९३६ मध्ये या. काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच शहर सोडून खेड्यात भरलं ते यावल तालुक्यातल्या फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींचा हट्ट असा की अधिवेशनाचं नगर खेड्यातल्या वस्तूंनी आणि खेड्यातल्या हातांनी उभं राहिलं पाहिजे. सजावटीसाठी थेट शांतिनिकेतनातून नंदलाल बोस आले आणि बांबू नि गावात मिळेल त्या साहित्यावर तिलकनगर उभं राहिलं. अधिवेशन संपलं आणि नगर मोडलं. मागे राडारोड्याचा ढीग नाही. आजच्या तक्त्यात बसवलं तर पाच तारे सहज. पण तक्ता भरायला सल्लागार कुठून आणणार?

राखेची वर्तुळं

देशातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी मिरवलेला हरित बांधकाम नियम कुठला, असं विचारलं तर मी राखेचं नाव घेईन. १९९९ मध्ये केंद्रानं सांगितलं की कोळशावरच्या वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीची वीट भाजायची असेल तर तीत किमान २५ टक्के राख मिसळा. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्राभोवती कंपास फिरवा: सरळ रेषेत जळगाव तीसेक किलोमीटरवर, म्हणजे पहिल्या दिवसापासून वर्तुळात. २००३ मध्ये वर्तुळ १०० किलोमीटरचं झालं आणि धुळं जेमतेम दहा-बारा किलोमीटरनं बाहेर राहिलं. २०१६ मध्ये ३०० झालं, मग धुळंही आत, नाशिकही आत.

राखेच्या विटेला माती लागत नाही, म्हणजे वीटभट्टीसाठी शेताचा वरचा थर खरवडायला नको. आकार सारखा, गिलावा कमी लागतो. मिस्त्री मात्र अजून लाल वीट हातावर आपटून आवाज ऐकतो आणि राखेच्या विटेकडे पाहून म्हणतो, ‘ही पाणी लई पेते, भो.’ भिजवण्यात नि क्युरिंगमध्ये हयगय केली की भिंतीला बारीक तडे दिसतात आणि सगळं खापर राखेवर फुटतं. राख येते कुठून, तर ज्या दीपनगरमध्ये अलीकडे ६६० मेगावॉटचा नवा संच उभा राहिला तिथून. कोळसा जाळायचा, मग त्याची राख भिंतीत घालून भिंतीला हरित म्हणायचं! तरी ढिगाऱ्यात पडून उडण्यापेक्षा भिंतीत बरी.

हजार रुपयांचा पाऊस

त्याच यूडीसीपीआरप्रमाणे ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर पावसाचं पाणी जिरवणं बंधनकारक. व्यवस्था नीट राखली नाही तर दंड किती? दर १०० चौरस मीटर बांधकामाला वर्षाला जास्तीत जास्त १,००० रुपये. आपल्या मघाच्या ११०० मीटरच्या इमारतीत बारा फ्लॅट धरले तर एका घराच्या वाट्याला वर्षाला हजाराच्या आतच. एवढ्यात सोसायटीच्या मीटिंगचा वडापावसुद्धा वर्षभर पुरत नाही.

आता पावसाची बाजू. जळगावचा वार्षिक पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७० हजार लिटर पडतं. गळती-वाफ सोडून द्या, तरी मोठे पाच-सहा टँकर कुठे गेले नाहीत. जळगाव वाघूर धरणाचं पाणी पितं. धुळं तापी, नकाणे, अक्कलपाडा असं जिथून मिळेल तिथून आणतं, आणि तरीही कॉलनीत नळ किती दिवसांनी येणार याचं गणित घरोघर मांडलेलं असतं. अशा गावात गच्चीवरून खाली उतरणारा पांढरा पीव्हीसी पाइप नीट पाहा. कधी तो शोषखड्ड्यात जातो. कधी जमिनीपासून वीतभर वर थांबतो, खाली फरशी, फरशीच्या उतारानं पाणी थेट रस्त्यावर. पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी फोटो निघाला की पाइपाचं काम झालं. ‘पाहाले कोन येतं, भो?’

धाबं आणि चायना मोझॅक

खानदेशातलं जुनं घर धाब्याचं. लाकडी खण, वर काटक्या नाहीतर पऱ्हाटीचा थर, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड लेप. भिंती हातभर रुंद, खिडक्या बेताच्या. दुपारचं ऊन त्या मातीतून खाली झिरपेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि तोवर घरातली माणसं वर धाब्यावर झोपायला गेलेली असायची. पावसाळ्याआधी मात्र दरवर्षी माती घालायची, चोपायची, गळकी जागा शोधायची. ती मेहनत नको म्हणून स्लॅब आला, यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. आता नियम धाब्यावर बसवायचे म्हटले तरी गावात धाबं सापडायला हवं.

स्लॅबचा स्वभाव उलटा. दिवसभर ऊन पितो आणि रात्री अंथरुणावर ओततो. मे महिन्यात संध्याकाळी सातला जळगावच्या कुठल्याही कॉलनीत गच्चीवर जा. पाइपानं पाणी मारलं की आधी भुस्स आवाज येतो, पाणी कडेला पोचायच्या आत दिसेनासं होतं, पायाला वाफ लागते. तिसऱ्या खेपेला कुठे ओल टिकते. मग सतरंज्या.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. तिच्यात छतातून उष्णता किती वाहावी याला मर्यादा आहे: चौरस मीटरला, तापमानाच्या दर अंशामागे १.२ वॉट. नुसता उघडा स्लॅब त्याच्या दुपटीहून जास्त वाहून आणतो. भिंती-खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेलाही मर्यादा आहे, चौरस मीटरमागे १५ वॉट. उष्ण-कोरड्या भागात उघडता येतील अशा खिडक्या चटईक्षेत्राच्या किमान १० टक्के हव्यात, दमट भागात १६ टक्क्यांहून जास्त. म्हणजे संहितेलाही कळतं की कोरड्या उन्हात बेताची खिडकी शहाणी. धाब्याच्या घराला ते न वाचताच ठाऊक होतं. पण ही संहिता राज्यांनी आणि पालिकांनी आपापल्या नियमात उतरवायची असते, आणि उतरवणं हा आपल्याकडे फार सावकाश चालणारा प्रकार आहे.

छत थंड ठेवायचं धोरण म्हणून कायद्यासारखं मांडलं ते तेलंगणानं, २०२३ मध्ये. उन्हाळ्याचा देशातला पहिला शहरी कृती आराखडा अहमदाबादचा, २०१३ चा, २०१० च्या मे महिन्यातल्या बळींनंतरचा. पांढऱ्या छतानं घरात दोनपासून पाच अंशांपर्यंत फरक पडतो. आपल्याकडे हे काम वॉटरप्रूफिंगवाला आधीपासून करतोय: फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे गच्चीवर बसवतो आणि त्याला चायना मोझॅक म्हणतो. गळती थांबावी म्हणून लावलेल्या त्या तुकड्यांनी बरंचसं ऊन परत पाठवलं. त्याला कुणी अजून तारा दिलेला नाही.

कूलरचं राज्य

१ जानेवारी २०२० पासून नवा एसी चालू केला की २४ अंशांवर सुरू व्हावा, असा नियम आहे. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रानं २० च्या खाली आणि २८ च्या वर जाताच येऊ नये असाही बेत जाहीर केला. खानदेशाला त्याचं फारसं काही वाटलं नाही, कारण इथे राज्य पत्र्याच्या कूलरचं. हवा कोरडी असली की ओल्या गवतातून येणारा झोत दहा-पंधरा अंशांनी खाली येतो, तोही एसीच्या तुलनेत किरकोळ विजेत. फक्त पाणी लागतं आणि मृग लागला की त्याच झोतानं अंग चिकट होतं.

सूर्य विकला, जमीन कुणाची?

इथे थोडं थांबायला हवं. हरित विजेत धुळे जिल्हा राज्यात फार पुढे आहे. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. ब्राह्मणवेल, छडवेल भागात पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. मुंबई-पुण्याची इमारत ‘आम्ही हरित वीज वापरतो’ म्हणते तेव्हा अशाच कुठल्या पठाराचा वारा तिच्या मदतीला असतो.

आणि शिंदखेडा तालुक्यातलं विखरण. दोंडाईचाजवळ औष्णिक प्रकल्पासाठी म्हणून जमिनी घेतल्या, पुढे सौर प्रकल्पाचं नाव आलं. तिथले ८४ वर्षांचे शेतकरी धर्मा पाटील. पाचेक एकर जमिनीचे चार लाखांच्या आसपास मिळाले, शेजाऱ्यांना कितीतरी जास्त. दाद मागत ते मंत्रालयात खेटे घालत राहिले. २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी मंत्रालयातच विष घेतलं, २८ जानेवारीला ते गेले. कोळसा असो वा सूर्य, सातबाऱ्यावरचं नाव बदलतं तेव्हा शेतकऱ्यासमोर टेबल तेच असतं.

पंचमहाभूतं, प्रशासकीय मान्यतेसह

२ ऑक्टोबर २०२० ला राज्यानं ‘माझी वसुंधरा’ अभियान काढलं आणि भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी गुणपत्रिका गावांच्या हाती दिली. पर्यावरण खात्याच्या पाटीवर ‘वातावरणीय बदल’ हे शब्द चढले. २०२१ मध्ये राज्यातली ‘अमृत’ योजनेतली ४३ शहरं ‘रेस टू झीरो’ या जागतिक मोहिमेत उतरली. ‘अमृत’च्या यादीत जळगाव, धुळे, भुसावळ आहेत. आपण शून्य कार्बनच्या शर्यतीत धावतोय हे भुसावळच्या किती जणांना माहीत असेल, ते दीपनगरच्या चिमण्यांकडे बघत विचारून पाहा. २०२२ च्या जूनमध्ये सरकार बदललं, पंचमहाभूतं मात्र जागेवर राहिली. गुणपत्रिका आणि बक्षिसं असलेली योजना सहसा कुणी मोडत नाही.

साहेबांच्या देशांत तरी सगळं सुरळीत आहे असं समजू नका. न्यूयॉर्कनं २०१९ मध्ये २५ हजार चौरस फुटांवरच्या इमारतींना कार्बनची मर्यादा घातली, वर गेलात तर टनामागे २६८ डॉलर दंड. बर्कलीनं त्याच वर्षी नव्या इमारतींत गॅसची पाइपलाइन बंद केली, तर रेस्टॉरंटवाले कोर्टात गेले आणि २०२३ मध्ये जिंकले. फोडणी गॅसवरच पडली पाहिजे, यावर त्यांचं आणि आपलं एकमत दिसतं.

जळगावात मात्र बांधकाम आणि राजकारण हे शब्द शेजारी आले की हवामानाआधी घरकुल घोटाळा आठवतो. झोपडपट्टीवासीयांसाठीच्या त्या घरांच्या प्रकरणात धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०१९ ला ४८ जणांना शिक्षा सुनावली होती. पालिकेची सतरा मजली इमारत हे सगळं वरून बघत उभी आहे.

झाडाचं वय काय?

शेवटी एक नियम, जो मला मनापासून आवडतो. शहरी झाडांसाठीचा राज्याचा कायदा १९७५ चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली: पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांचं झाड ‘हेरिटेज ट्री’ ठरलं, आणि झाड तोडायचं झालं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. साठ वर्षांचा कडुनिंब तोडलात, साठ रोपं. त्यामुळे अर्जात झाडं भलतीच तरुण दिसू लागली तर नवल नाही. हा हिशेब शहराच्या हद्दीतला. हद्द ओलांडून महामार्गाला लागलात की कायदा वेगळा, म्हणून तिथे वय विचारायचा प्रश्नच येत नाही. जळगाव किंवा धुळ्यात जुन्या निंबाचा प्लॉट घेणार असाल तर सातबाऱ्याबरोबर बुंध्याचा घेरही मोजून घ्या. साठ रोपं लावायला जागा लागते, आणि ती १.१ च्या हिशेबात कुठेही धरलेली नाही.